घरच्या भिंतीवरचे देव

देवादिकांची छापील, चौकटीत बसवलेली तसबीर मराठी घरांत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी घरचे देव म्हणजे देव्हाऱ्यातले टाक, पितळी मूर्ती, बाण आणि शाळिग्राम. चित्रे होती, पण ती ऐपतवाल्यांकडे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत. तंजावरात भोसले राजांच्या आश्रयाने लाकडी फळीवर कापड चिकटवून, सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे जडवून देवांची चित्रे तयार होत. हे सारे एकेक नग हाताने घडवण्याचे काम होते, त्यामुळे किंमतही तशीच असे.

छपाईने हे बदलले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली. तिथे छापलेले रामपंचायतन घरोघरी गेले. त्याच वर्षी कलकत्त्यातही अन्नदाप्रसाद बागची यांच्या पुढाकाराने कलकत्ता आर्ट स्टुडिओ निघाला आणि तिथूनही देवांची चित्रे छापून निघू लागली.

ही छपाई शिळाछापाची होती. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावरच तिचे तंत्र उभे आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडकावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. पाणी रिकाम्या जागी राहते, मग फिरवलेली शाई फक्त चित्रावर धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागतो आणि तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर दाबावा लागतो. कागद केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. तयार चित्रावर वॉर्निश चढवून त्याला तैलचित्राची झाक दिली की तो झाला ओलिओग्राफ.

या तंत्राला सर्वांत मोठे नाव मिळवून दिले ते राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी. त्रावणकोरातल्या किळिमानूर घराण्यातल्या या चित्रकाराने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पुराणप्रसंगांवर चौदा चित्रे काढली होती. अशी चित्रे सामान्यांनाही घेता यावीत, म्हणून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे. मुंबईत प्लेगची साथ आल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. कर्ज वाढत गेल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुढे चित्रपटाकडे वळलेले दादासाहेब फाळके काही काळ इथेच काम करत होते.

रविवर्मांनी देवांना माणसासारखे शरीर, सावली आणि वस्त्रांच्या चुण्या दिल्या. त्यांची लक्ष्मी पाण्यातल्या कमळावर उभी आहे. तिला चार हात आहेत, वरच्या दोन हातांत कमळे आहेत आणि बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती आहे. पण ठसठशीत काठाची साडी आणि अंगावरचे दागिने पाहिले तर ती हळदीकुंकवाला निघालेल्या सुवासिनीसारखी दिसते. पांढऱ्या साडीतली सरस्वती खडकावर बसून वीणा वाजवते आणि शेजारी मोर आहे. पुढे असंख्य चित्रकारांनी हीच रूपे गिरवली. आज लक्ष्मी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच रूप येते.

छापील तसबीर स्वस्त होती, त्यामुळे ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवले जाई, त्यांच्याही घरात देव पोचला. भिंतीवर लावताना घरोघरी तिला सजवलेही जाई. देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवायचे, काठाला जर लावायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवायचे. असे जरीकाम केलेले जुने ओलिओग्राफ आता संग्राहक शोधत असतात.

विसाव्या शतकात कॅलेंडर आले आणि देवांची चित्रे व्यापाऱ्यांकडून फुकट मिळू लागली. रघुवीर मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांची कॅलेंडरे वर्ष संपले तरी टाकली जात नसत. तारखांचा भाग कापून चित्र चौकटीत जाई. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांची कृष्णचित्रे आणि तमिळनाडूत कोंडैया राजूंच्या परंपरेतली चित्रे यांनीही देशभराच्या भिंती व्यापल्या. ऑफसेट छपाईचे मोठे केंद्र शिवकाशी झाले.

घरातली तसबीर शोभेची की पूजेची, हे ती कुठे लावली आहे आणि तिच्यापुढे काय केले जाते, यावर ठरते. दारावरच्या गणपतीला येताजाता हात जोडले जातात. दुकानातल्या गल्ल्यावरच्या लक्ष्मीला रोज उदबत्ती लागते. बैठकीतला राधाकृष्णाचा झोपाळा मात्र बहुधा पाहण्यापुरता असतो. काही चित्रे ठरावीक काळापुरती पूजेत येतात. श्रावणात लावला जाणारा जिवतीचा कागद हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याच्या एकाच पानावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलाबाळांसह जरा-जिवंतिका आणि हत्ती व वाघ यांवर बसलेले बुध-बृहस्पती असतात. शुक्रवारी जिवतीची पूजा करून लेकरांच्या आयुष्यासाठी प्रार्थना होते, शनिवारी नरसिंहाची पूजा होते.

जुनी तसबीर सांभाळायची तर ऊन, ओल आणि कसर यांपासून जपावे लागते. ओलसर भिंतीला ती टेकवू नये आणि कागद काचेला चिकटू देऊ नये, नाहीतर सोडवताना रंग निघतो. मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा. पिवळा पडलेला कागद घरी पुसू नये, ते काम जाणकाराचे. फुटक्या काचेच्या तसबिरी लोक पिंपळाच्या पारावर किंवा नदीकाठी ठेवून येतात. त्यापेक्षा काच आणि चौकट वेगळी काढून पुन्हा वापरात आणावी, आणि चित्र जुने शिळाछापाचे असेल तर टाकण्यापूर्वी एखाद्या संग्रहालयाला जरूर दाखवावे.