दाढदुखीवर अँटिबायोटिक घ्यावे का?

"डॉक्टर, सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. आत्ता आठ दिवसांच्या गोळ्या द्या, दाढेचं नंतर पाहू." बुलढाणा जिल्ह्यात हंगामाच्या दिवसांत असे म्हणणारे रुग्ण नेहमी भेटतात. काही जण तर मेडिकलमधून परस्पर दोन-चार कॅप्सूल घेऊन वेळ मारून नेतात.

गोळीने दाढ बरी का होत नाही?

कीड खोल गेली की दाताच्या आतील नसेला सूज येते आणि ठणका लागतो. ही सूज अँटिबायोटिकने उतरत नाही. पुढे नस मरते व तिचा रक्तपुरवठा बंद होतो. औषध रक्तातूनच पोहोचत असल्याने ते दाताच्या आत जात नाही. नस मेल्यावर ठणका काही दिवस आपोआप थांबतो आणि रुग्णाला वाटते, गोळीने गुण आला. आत मात्र जंतुसंसर्ग वाढतच असतो.

खरा उपचार म्हणजे रूट कॅनाल किंवा दाढ काढणे; पू असल्यास त्याला वाट करून देणे. तोपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: दाताचा उपचार लगेच होणार असेल, तर बहुतेक प्रौढांना दाढदुखीसाठी अँटिबायोटिक लागत नाही.

अँटिबायोटिक केव्हा लागते?

- दाढदुखीसोबत ताप येणे किंवा सूज गालावर, मानेकडे पसरणे
- हृदयाची कृत्रिम झडप असणे: अशा रुग्णांना दाढ काढण्यापूर्वी एक डोस दिला जातो
- रोगप्रतिकारशक्ती फार कमी असणे (निर्णय डॉक्टरांचा)

तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर थांबू नका. १०८ वर फोन करून ताबडतोब रुग्णालयात जा.

हे लक्षात ठेवा

- पाकिटावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. विनाकारण घेतल्यास जुलाब, ॲलर्जी होऊ शकते. जंतूही औषधाला दाद देईनासे होतात.
- उरलेल्या गोळ्या घरात कुणाला देऊ नका.
- पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर आधी सांगा.
- मेट्रोनिडाझोल सुरू असताना दारू घेऊ नका.

सोंगणीच्या घाईत एक दिवस काढणे जड जाते, हे खरे. पण पू मानेत उतरला, तर तोच हंगाम रुग्णालयात जातो. दुखणे थांबले म्हणजे दाढ बरी झाली, असे समजू नका, दाखवून घ्या.