शेअरच्या तंट्यात पंच कोण नेमतो?

गावात बांधावरून वाद झाला तर पंच म्हणून कोण बसणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण भूसंपादनाच्या मोबदल्यातून शेअर घेतले, किंवा हळदीच्या वायद्यात हात घातला, आणि दलालाने न विचारताच सौदे केले, तर? तिथला पंच दलालाच्याच ओळखीचा निघाला म्हणजे संपलेच! ही धास्ती अनेकांना वाटते. म्हणून पंच नेमतात कसा, ते नीट पाहू.

शेअरबाजार 'सेबी'च्या देखरेखीखाली आहे. 2015 पासून वायदेबाजारही तिच्याकडे आला. 31 जुलै 2023 च्या परिपत्रकाने सेबीने ऑनलाइन तंटा निवारणाची पद्धत घालून दिली. आधी दलालाकडे लेखी तक्रार करायची. समाधान झाले नाही, तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर किंवा 'स्मार्ट ओडीआर' पोर्टलवर जायचे.

इथे दलालाला आपल्या मर्जीची संस्था निवडता येत नाही. पोर्टल पाळीपाळीने एका निवारण संस्थेकडे प्रकरण सोपवते. ती संस्था आपल्या यादीतून सलोखा करणारा नेमते. त्याला 21 दिवसांची मुदत असते. सलोखा फिसकटला की लवाद. परिपत्रकाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या दाव्याला एक लवाद, त्यावर तिघे. 1 लाखापर्यंतचा दावा बहुधा कागदपत्रांवरच निकाली निघतो.

लवादाचा दलालाशी काही संबंध असला तर? 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 12 नुसार असा संबंध त्याने स्वतःहून लेखी सांगावा लागतो. तुम्हाला कळला, तर कलम 13 प्रमाणे 15 दिवसांत लेखी हरकत घ्या. गप्प बसू नका. निकालानंतर कलम 34 खाली कोर्टात जाता येते, पण कारणे मोजकीच चालतात. हिशेब पुन्हा पहिल्यापासून तपासला जात नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. नोंदणी नसलेल्या दलालाविरुद्ध हा मार्ग चालत नाही. 'महिन्याला अमुक टक्के देतो' म्हणत गावोगाव हिंडणाऱ्याविरुद्ध इथे दाद नाही. त्यासाठी पोलीस ठाणेच गाठावे लागते. म्हणून पैसे देण्याआधी सेबीचा नोंदणी क्रमांक बघा. प्रत्येक सौद्याची काँट्रॅक्ट नोट आणि बँकेचा उतारा जपून ठेवा. ओटीपी कुणाला सांगू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. पंच कितीही निःपक्षपाती असला, तरी हातात कागद नसेल तर तो तरी काय करणार?