दुर्लक्षित मोटारीची शीतकरण यंत्रणा : गाळ काढताना घ्यावयाची दक्षता

दीर्घकाळ एका जागी उभ्या असलेल्या, किंवा वर्षानुवर्षे केवळ नळाच्या पाण्यावर चालविलेल्या मोटारीच्या रेडिएटरचे झाकण उघडले की बहुधा हिरव्या वा गुलाबी कूलंटऐवजी गढूळ, तपकिरी पाणी दिसते. हा रंग इंजिनातील लोखंडाच्या गंजाचा असतो. असे पाणी ओतून देऊन नवे भरल्याने काम भागत नाही. कारण त्यातील बराचसा भाग रेडिएटरमध्ये नसतोच, तो इंजिनच्या पोटात असतो.

कूलंट म्हणजे प्रामुख्याने इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे 35 अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठत नाही, हा गुण लेहमधील वाहनमालकाला मोलाचा. मैदानी प्रदेशात मात्र खरे महत्त्व गंजरोधकांना आहे. ग्लायकॉल टिकून राहते, गंजरोधक झिजत जातात. त्यात बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी मिसळले की रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत चुन्याचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. अ‍ॅम्बॅसॅडरच्या काळातील ओतीव लोखंडी इंजिने आणि तांबे-पितळेचे रेडिएटर साधे पाणी निभावून नेत. ॲल्युमिनियमच्या आजच्या इंजिनांना ती जुनी सवय महागात पडते.

सफाईचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. झाकणामुळे यंत्रणेत वातावरणापेक्षा साधारण एक बार अधिक दाब राहतो व त्यामुळे 100 अंशांच्या वर तापलेले पाणीही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि त्याच पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ते तोंडावर उसळते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणेही तितकेच घातक. त्याने इंजिनच्या हेडला तडा जाऊ शकतो.

रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून, किंवा खालचा होज पाइप सोडवून, जुना द्रव भांड्यात काढावा. मग स्वच्छ पाणी भरावे, केबिनचा हीटर पूर्ण गरम स्थितीत ठेवावा आणि इंजिन चालू करावे. हीटरला आपल्याकडे क्वचितच कोणी हात लावतो. त्यामुळे गाळ तेथेही साचतो. इंजिन पुरेसे तापू देणे आवश्यक आहे, कारण थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांदरम्यान उघडतो आणि तोवर रेडिएटरमधून पाणी फिरतच नाही. पुन्हा थंड होऊ द्यावे, पाणी काढावे. नितळ येईपर्यंत हाच क्रम ठेवावा. थर जुनाट असल्यास या कामासाठीचे रसायन वापरावे. संडास साफ करण्याचे आम्ल घालण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. ते ॲल्युमिनियम खाते.

नेहमीची चूक शेवटच्या भरणीत होते. समजा, यंत्रणेची एकूण क्षमता 5 लिटर आहे आणि तोटीतून 3 लिटरच पाणी बाहेर आले. म्हणजे 2 लिटर पाणी इंजिनातच राहिले. आता तयार, निम्मे-निम्मे मिश्रण 3 लिटर भरले, तर ग्लायकॉल दीड लिटर, म्हणजे केवळ 30 टक्के होते. त्याऐवजी अडीच लिटर शुद्ध, पाणी न मिसळलेले कूलंट आधी ओतावे आणि उरलेली जागा ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी. इंजिनात मागे राहणारे पाणी क्षाररहित असावे, यासाठी अखेरची धुलाईही ऊर्ध्वपातित पाण्यानेच करावी. कूलंटचा प्रकार वाहनाच्या पुस्तिकेनुसार निवडावा; रंगावरून निवडू नये. भरल्यानंतर अडकलेली हवा काढली नाही, तर तापमापक काटा फसवा आकडा दाखवू शकतो.

सफाईनंतर रेडिएटर गळू लागला, तर बोल धुलाईला लावला जातो. वस्तुतः छिद्र आधीच पडलेले असते. गंजाने ते बुजविले होते, एवढेच. कूलंटवर तेलकट, दुधाळ साय दिसली, तर मात्र हेड गॅस्केट निकामी झाल्याची शंका घ्यावी आणि वाहन मेकॅनिककडे न्यावे. तो दोष धुऊन जाणारा नाही.

काढलेला द्रव उघड्या गटारात ओतू नये वा अंगणात ठेवू नये. ग्लायकॉल चवीला गोड असून विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुलांच्या तोंडीही जाऊ शकते. झाकण घट्ट लावलेल्या, नाव लिहिलेल्या डब्यात भरून तो विल्हेवाटीची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावा.