परदेशी शिक्षणाचं कर्ज : सही करण्याआधी आईनं काय विचारावं?



बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते ती बहुतेक म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी. पण अलीकडे आम्हा समन्वयक ताईंकडे एक वेगळी चौकशीही येऊ लागली आहे. मुलगा इंजिनिअर झाला, आता जर्मनीला पुढं शिकायचं म्हणतो. मुलगी बी.फार्म. झाली, इंग्लंडच्या विद्यापीठाचं पत्र आलंय. आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो, "ताई, त्याला सरकारी कर्ज मिळतं ना हो?"

मिळतं. पण 'सरकारी' या शब्दानं पुष्कळ घोटाळा होतो. सरकारी म्हणजे बिनव्याजी, सरकारी म्हणजे आज ना उद्या माफ होणारं, असं आपण मनात धरून बसतो. तसं ते नाही. म्हणून आज आपण हे कर्ज नीट उलगडून बघू. कारण मुलाच्या सहीशेजारी दुसरी सही बहुतेक वेळा आईची नाहीतर वडिलांची असते.

कर्ज देतं कोण?

शैक्षणिक कर्ज देते बँक. पैसे बँकेचे, वसुलीही बँकेचीच. सरकार त्याला बाहेरून आधार देतं. बँकांच्या संघटनेनं एक आदर्श शैक्षणिक कर्ज योजना केलेली आहे आणि सरकारी बँका साधारण तिच्या नियमांनी चालतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्र सरकारच्या हमी निधीचा आधार आहे. त्यामुळे या रकमेपर्यंत घर, दागिना तारण ठेवावा लागत नाही आणि बाहेरचा जामीनदारही शोधावा लागत नाही. परदेशी शिक्षणालाही हे लागू आहे.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही हमी बँकेसाठी आहे, आपल्यासाठी नाही. कर्ज थकलं तर थकलेल्या रकमेचे ७५ टक्के बँकेला निधीतून मिळू शकतात. पण म्हणून आपलं कर्ज फिटत नाही. बँक आपल्याकडं वसुलीला येतेच. आणि आई-वडील सहकर्जदार असतात, म्हणजे मुलाइतकेच कर्जाचे धनी. हप्ता थकला की मुलाबरोबर आपलंही नाव सिबिलमध्ये खराब होतं. मग उद्या आपल्याला स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज हवं असेल, तर बँक तेच कागद पुढं करते.

नावं सारखी, योजना वेगळ्या

'विद्यालक्ष्मी' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१५ साली याच नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. त्यावर एकच अर्ज भरून एकापेक्षा जास्त बँकांकडं कर्ज मागता येऊ लागलं, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'पीएम विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, असं तिच्यात आहे. पण ती भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी जाणाऱ्या मुलांना ती सवलत नाही. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीची केंद्राची जुनी व्याज सवलतही देशातल्या शिक्षणासाठीच होती. अल्पसंख्याक मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. तरी एजंट अजून तिचं नाव सांगताना दिसतात. योजनेचं नाव कुणी सांगितलं की दोनच प्रश्न विचारायचे. ही परदेशासाठी आहे का? आणि आज चालू आहे का?

आपल्या राज्यात इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिच्यात परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, जास्तीत जास्त १२ टक्क्यांपर्यंत, महामंडळ परत करतं. 'परतावा' म्हणजे बँकेचं व्याज आधी आपण भरायचं आणि मग ते परत मिळायचं, हे विसरू नका. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांच्यामार्फत राष्ट्रीय महामंडळांचं शैक्षणिक कर्जही मिळतं. 'सरकारी कर्ज' हा शब्द खऱ्या अर्थानं लागू पडतो तो या कर्जांना. त्यांचा व्याजदर बँकेपेक्षा कमी असतो. बँकेची पायरी चढण्याआधी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन या.

आणि त्याहीआधी शिष्यवृत्ती बघा, कारण ती फेडावी लागत नाही. अनुसूचित जातीच्या ७५ मुलामुलींना दरवर्षी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहेत, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. शेतमजुराच्या मुलीला परदेशी शिकायला सरकार पैसे देतं, हे आपल्या कित्येक वस्त्यांपर्यंत पोचलेलंच नाही.

हिशेब गटाच्या वहीत मांडू

आता व्याजाकडं येऊ. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. सगळ्यात मोठी चूक इथं होते. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असं वाटतं. व्याज पहिला पैसा हातात पडल्या दिवसापासून सुरू होतं.

समजा, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी १५ लाखांचं कर्ज घेतलं, वर्षाला १० टक्क्यांनी. आपल्या गटाच्या भाषेत शेकडा महिना ८३ पैसे. ऐकायला स्वस्त वाटतं. पण वर्षाचं व्याज दीड लाख झालं. दोन वर्षं शिक्षणाची आणि एक वर्ष सवलतीचं, असे तीन वर्षांचे साडेचार लाख. पैसे टप्प्याटप्प्यानं उचलले तर थोडे कमी होतील. ते व्याज मग मुद्दलात जातं आणि हप्ता बसतो साडेएकोणीस लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे २५,८०० रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे २१,००० वर येतो, पण एकूण भरणा जवळजवळ पावणेअडतीस लाख होतो.

हेच व्याज या तीनही वर्षांत महिन्याच्या महिन्याला भरलं, म्हणजे साधारण १२,५०० रुपये, तर पुढं दहा वर्षांचा हप्ता सुमारे १९,८०० च बसतो. शिवाय अशा वेळी व्याजदरात एक टक्का सूट देण्याची तरतूदही आदर्श योजनेत आहे. सगळं व्याज जमणार नसेल तर निम्मं भरा. सवलतीच्या काळात भरलेला प्रत्येक रुपया पुढचं ओझं हलकं करतो.

वरचे पैसे कुठून आणायचे?

परदेशी शिक्षणाला बँक सगळा खर्च देत नाही. चार लाखांवरच्या कर्जात आदर्श योजनेप्रमाणे १५ टक्के रक्कम आपली घालायची असते. एकूण खर्च १८ लाख धरला तर दोन लाख सत्तर हजार आपले. बाईच्या अंगावरचं सोनं गहाण पडतं ते इथं, आणि सावकार दारात येतो तोही इथंच. म्हणून दोन गोष्टी माहीत हव्यात. ही रक्कम एकदम भरायची नसते. बँक जसजशी फी देत जाईल, तसतशी त्या प्रमाणात घालायची. आणि मुलाला शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती आपल्या वाट्यात धरली जाते. हे बँकेत स्वतःहून विचारायचं.

साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतं. शेतजमीन या कर्जाला बहुतेक बँका तारण घेत नाहीत. मग उरतं राहतं घर. घर नवऱ्याच्या नावावर असो की दोघांच्या, कागद बँकेत जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून बोला. हे घर किती वर्षांसाठी अडकणार आहे, ते आकड्यात बोला.

रुपयाची घसरणही धरा. २०१४ साली एका डॉलरला साधारण ६० रुपये पडत. २०२४ च्या अखेरीस ८५ पडू लागले. म्हणजे २० हजार डॉलरची जी फी १२ लाखांत भागली असती, ती १७ लाखांवर गेली. कर्ज मंजूर होतं रुपयांत आणि फी जाते त्यांच्या चलनात. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी थोडी वाढ धरूनच मागणी करा. आणि फी नाही म्हणजे खर्च नाही, असंही नाही. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. २०२४ च्या अखेरीस ही रक्कम ११,९०४ युरो होती. म्हणजे तेव्हाचे दहा-बारा लाख रुपये झाले.

मुलीसाठी कर्ज काढायचं का?

हा प्रश्न उघड कुणी विचारत नाही, पण घरात ठरतो. मुलासाठी घर तारण ठेवायला जे तयार होतात, तेच मुलीच्या वेळी म्हणतात, ती उद्या सासरी जाणार, मग फेडणार कोण? आमचं उत्तर साधं आहे. जिची पदवी, तिचं कर्ज. लग्न झालं तरी कर्ज तिच्या नावावर राहतं आणि तिच्या पगारातून फिटतं. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. फक्त लग्नाची बोलणी होतील तेव्हा हे कर्ज लपवू नका. पहिल्या बैठकीतच सांगा, की हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे. जे घर त्याला नाही म्हणेल, त्या घराची ओळख वेळेवर झाली असं समजा.

बँकेत जाताना

आपल्या हद्दीतले नाहीत, एवढ्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. बँकेकडं तक्रार करूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. 'कर्ज करून देतो, आधी इतके द्या' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अर्ज आपला आपल्याला भरता येतो.

आणि सहीआधी हे प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्या. व्याज बदलतं आहे की स्थिर? हप्ता कोणत्या महिन्यापासून आणि किती रुपये? व्हिसा नाकारला गेला तर काय? नोकरी उशिरा लागली तर मुदत वाढते का? कर्जाचा विमा आहे का, आणि त्याचा हप्ता कर्जातच धरलाय का? मुलालाही एक प्रश्न विचारा. तिथून शिकून आलेल्यांना नोकरी कसली लागते, पगार किती मिळतो? ज्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर शोधता येत नाही, त्यानं अजून एक महिना थांबायला हरकत नाही.

मैत्रिणींनो, गटात पाच हजारांचं कर्ज देतानाही आपण विचारतो, कशाला हवं, कसं फेडणार, किती महिन्यांत? पंधरा लाखांच्या कागदासमोर मात्र आपण गप्प बसतो, कारण तो इंग्रजीत असतो आणि समोर साहेब बसलेला असतो. मंजुरीचं पत्र घरी मागून आणा आणि गटाच्या बैठकीत घेऊन या. आपण बसून वाचू, हप्ता काढू. सही दुसऱ्या दिवशी केली तरी चालते.