देश तसा वेश

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा कधी कधी ४० अंशांवर जातो. अशा वेळी कसबा पेठेत कोणी मलमलीचा सदरा घालतो, कोणी डोक्यावर टोपी घेतो. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली रुमालाने चेहरा झाकतात आणि लांब हातमोजे घालतात. उत्तर युरोपात मात्र ऊन पडले, की लोक तोकडे कपडे घालून बागेत बसतात. तेथील हिवाळा लांब असतो. म्हणून त्यांना ऊन हवेसे वाटते.

अरब देशांत पुष्कळ लोक पायघोळ, सैल झगा घालतात. त्यामुळे ऊन थेट अंगावर पडत नाही. आत हवा खेळती राहते, घाम वाळतो व अंग थंड होते. वाळवंटातील भटके बेदुइन तर काळा झगाही वापरतात. १९८० साली शास्त्रज्ञांनी काळ्या व पांढऱ्या झग्यांची तुलना प्रसिद्ध केली. काळे कापड जास्त तापले. पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हवेत निघून गेली.

आपल्याकडील अनेक लोक नोकरीसाठी दुबईला जातात. तेथील उन्हाळा दमट असतो. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून केवळ कपड्यांवर भागत नाही. तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे.

मुलांनो, परदेशात कोणाचा वेश पाहून हसू आले, तर आधी तेथील हवा आणि रीत समजून घ्या. रुमाल बांधलेल्या मुली पाहून पुण्यात आलेला पाहुणाही बुचकळ्यात पडतोच!