शाळा कोणतीही असो, बोलायला माणूस हवा

मूल कर्णबधिर आहे असं कळलं, की आईवडील दोन प्रश्न विचारतात. ‘बोलेल ना?’ आणि ‘कोणत्या शाळेत घालू?’ अशा मुलांना शिकवताना हे दोन्ही प्रश्न मी वारंवार ऐकले आहेत.

समजा, मावळातल्या बेडसे गावचं एक कर्णबधिर मूल तिथली लेणी पाहून आलं. खांबांच्या माथ्यावर कोरलेले हत्ती, घोडे, त्यांवर बसलेली माणसं त्यानं पाहिली. घरी येऊन ते काय सांगेल?

मौखिक पद्धतीच्या विशेष शाळेतलं मूल श्रवणयंत्र आणि ओठवाचन यांच्या आधारे बोलून सांगेल. ‘घोडा... मोठा... वर.’ आजीलाही ते कळेल, हा फायदा मोठा. पण ओठांवर सगळं दिसत नाही. ‘पाल’, ‘बाल’, ‘माल’ हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतील.

खुणांच्या भाषेत वाढलेलं मूल सगळी हकीकत सांगेल. कोण पुढं पळालं, कोण घसरलं तेसुद्धा. या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तरीही १८८० मध्ये मिलानच्या परिषदेनं मौखिक पद्धतीचाच पुरस्कार केला आणि अनेक देशांतल्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. या मुलाची अडचण वेगळीच. निवासी शाळेतून ते सुटीत घरी येतं, तेव्हा आईलाच खुणा येत नाहीत.

गावच्या शाळेत घर जवळ, सवंगडी ओळखीचे. पण गुरुजी फळ्याकडे वळून बोलू लागले, की त्याचा धडा तिथंच थांबतो. फळ्यावरचं ते सुवाच्य उतरवून घेतं आणि सगळ्यांना वाटतं, त्याला समजलं! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मुलाला योग्य भाषेत आणि योग्य संवादमाध्यमातून शिक्षण मिळण्याची तरतूद केली आहे. पालकांनी ते हक्कानं मागावं.

मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत भाषाच कानी-डोळी पडली नाही, तर ती उणीव पुढं कोणत्याही शाळेला भरून काढणं कठीण जातं. म्हणून जन्मानंतर महिन्याभरात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हायला हवेत. खुणा शिकल्या तर बोलणं खुंटेल, ही भीती नको. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा अधिकृत कोश २०२१ पासून उपलब्ध आहे.

शाळा निवडताना एवढंच पाहा: आपल्या मुलाशी तिथं दिवसभर कोण बोलतं? आणि संध्याकाळी घरी कोण?