नक्षीतला सांधा

जुना लोखंडी पलंग पाहताना नजर आधी नक्षीवर जाते. उशाकडच्या सळ्या एकमेकींना छेदतात तिथे उमललेलं फूल, खांबाला वेढणारी पानं, टोकावरचा पितळी गोळा. पण त्या फुलाच्या पोटातच पलंगाचा सांधा असतो. फूल फोडलं तर सळ्या सुट्या होतील. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये घडलेले पलंग ओळखायचे असतील, तर नक्षीकडे सांधा म्हणूनच पाहायला हवं.

कारखान्यात सळ्या आधी आराखड्याप्रमाणे मांडून घेत. जिथे त्या एकत्र येत, तिथे दोन भागांचा लोखंडी साचा बसवून त्यात वितळलेलं लोखंड ओतत. गार साच्याला टेकताच ते थिजायचं. साचा उघडला की सळ्या कायमच्या जखडलेल्या, आणि साच्याच्या आतल्या कोरीव कामामुळे सांध्यावर फूलही उमटलेलं. म्हणून नक्षी सांध्यापाशी गच्च आणि मधल्या सळ्या साध्या! असं झटकन थिजलेलं लोखंड कठीण होतं, पण ठिसूळही. पलंग आपटला तर फूलच तडकतं, आणि ते पुन्हा जोडणं फार अवघड असतं.

कोपऱ्यांची युक्ती मला याहूनही आवडते. बाजूच्या पट्टीचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खांबावरच्या ओतीव खाचेत वरून सोडायचं, बस्स. माणूस झोपला की त्याच्या वजनाने पाचर आणखी घट्ट बसते. सोडवायचं तर खालून हातोडीचा एक ठोका पुरे. असे पलंग सुटे करून जहाजात रचता येत. भारतासह दूरदूरच्या वसाहतींत ते पोचले, त्यात या सोयीचा मोठा वाटा होता. उष्ण देशांसाठीच्या पलंगांना मच्छरदाणी ताणायला उंच दांडे असत.

धातूचा पलंग त्याआधीही होता. नेपोलियनने सेंट हेलेना बेटावर 1821 मध्ये प्राण सोडला तो घडीच्या लोखंडी पलंगावर. पण तो सेनापतीचा पलंग होता. सामान्य घरांपर्यंत धातू नेला तो बर्मिंगहॅमने. तिथल्या आर. डब्ल्यू. विनफिल्डने 1827 मध्ये धातूच्या पलंगाचं पेटंट घेतलं आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आपले पितळी पलंग मांडले. मागणी वाढण्यामागे ढेकणांचा जाच होता. लाकडाच्या फटींत ते घर करत, धातू मात्र पुसून स्वच्छ करता येई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णासाठी लोखंडी पलंगच सुचवला, आणि त्याला झालर नको असं बजावलं.

ती झालर गेली तशी शैलीही पालटली. आधीच्या पलंगांवर उशाकडे अर्धं छत आणि जड पडदे असत. पडद्यांत धूळ साठते ही भीती बळावली तशी छतं उतरली आणि उघडी सळ्यांची चौकटच पलंगाची शोभा झाली. 1900 च्या सुमारास आर नूव्होच्या वळणदार वेली आल्या. त्याच काळात सरळ रेषांचे, कधी चौकोनी नळ्यांचे पितळी पलंगही निघाले. मला ते कोरडे वाटतात. ओतीव फुलांच्या काळात कारागिराची मांडणी सांध्या-सांध्यातून दिसते, तशी इथे दिसत नाही.

पितळेची मात्र पारख करावी. पुष्कळ पलंगांच्या नळ्या आतून लोखंडी आणि वरून पातळ पितळी पत्र्याने मढवलेल्या असतात. चुंबक चिकटला की समजावं. त्याने किंमत कमी होते असं मी मानत नाही, कारण मजबुती लोखंडाची आणि झळाळी पितळेची हा त्या काळचा विचारपूर्वक मेळ होता. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रुंदी वाढवायला चौकट मधोमध कापतात, किंवा जाड पावडर कोटिंग चढवून पाकळ्यांच्या कडा बुजवतात. जुन्या रंगांचे थर हळूहळू उतरवले तर पुष्कळदा खाली मूळ काळं रोगण आणि त्यावरच्या सोनेरी रेघा सापडतात. तिथेच हात थांबवावा.